अदृश्य नायक, अदृश्य वादक

डोळ्यांत अंजन घातले की माणूस दिसेनासा होतो, अशी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी याच कल्पनेला विज्ञानाचा अंगरखा चढवून १८९७ साली 'द इनव्हिजिबल मॅन' ही कादंबरी लिहिली, आणि पुढे जगभरच्या चित्रपटकारांना ती कल्पना फार मानवली. हिंदी पडद्यावरही अदृश्य होणारा नायक वेळोवेळी अवतरला. त्यांपैकी तीन चित्रपटांचा मी येथे विचार करणार आहे : १९५७ चा 'मिस्टर एक्स', १९६४ चा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आणि १९८७ चा 'मिस्टर इंडिया'. हे तीनच का निवडले, याचे कारण बुऱ्हाणपूरच्या माणसाला ऐकताक्षणी पटेल. तिन्हींत खंडव्याच्या गांगुली बंधूंपैकी कोणी ना कोणी आहे.

बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ रोजी. तोवर आपण पूर्व निमाड जिल्ह्यातले, आणि आपले जिल्ह्याचे ठिकाण खंडवा. कुंजलाल गांगुली हे तेथील वकील. घरात बंगाली आणि दाराबाहेर हिंदी-निमाडी, अशा त्या घरात अशोककुमार वाढले आणि ४ ऑगस्ट १९२९ रोजी किशोरकुमार जन्मले. नानाभाई भट्ट यांच्या 'मिस्टर एक्स'मध्ये अदृश्य होणारा नायक अशोककुमार होते आणि नायिका नलिनी जयवंत. सात वर्षांनी शांतीलाल सोनी यांच्या 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'मध्ये धाकटे बंधू किशोरकुमार अदृश्य झाले. पुढे तेवीस वर्षांनी शेखर कपूर यांचा 'मिस्टर इंडिया' आला, तेव्हा अदृश्य होण्याची पाळी अनिल कपूरची होती. पण त्याला वडिलांच्या शोधाची माहिती देणारे प्राध्यापक होते अशोककुमार, आणि त्याच्या तोंडी गाणारा आवाज होता किशोरकुमारांचा. तीस वर्षांपूर्वी जो स्वतः अदृश्य झाला होता त्यानेच पुढच्या पिढीला त्या विद्येचा पत्ता द्यावा, हा योग मोठा गमतीचा आहे.

आता संगीताकडे वळू. 'मिस्टर एक्स'चे संगीतकार एन. दत्ता, म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. सचिनदेव बर्मन यांचे साहाय्यक म्हणून काम करून ते स्वतंत्र संगीतकार झाले. पुढच्या दोन्ही चित्रपटांचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचे. तेव्हा पडद्यावर निमाड आणि पडद्यामागे गोवा-महाराष्ट्र, अशी ही तीन चित्रपटांची साखळी आहे. पडद्यावरचे सर्वांना ठाऊक आहे. पडद्यामागचा इतिहास मात्र घराघरांतून सांगितला जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अदृश्य नायकाचा चित्रपट काढणाऱ्यापुढे एक साधी अडचण असते. नायक दिसत नाही, मग तो तेथे आहे हे प्रेक्षकाला कळावे कसे ? पेला हवेत उचलला जातो, खुर्ची सरकते, हे झाले छायाचित्रणाचे काम. पण तो रागावला आहे की हसतो आहे, जवळ येतो आहे की निघून गेला, हे दाखवायला चेहराच नसतो. ते काम ध्वनीला करावे लागते. उडणारा नायक दृश्याने उभा करता येतो, न दिसणारा नायक कानानेच उभा करावा लागतो. म्हणून अशा चित्रपटात पार्श्वसंगीताला पात्राइतके महत्त्व येते.

गाणी आणि पार्श्वसंगीत यांतला भेद मुलांना समजावताना मी कुंडी भंडाऱ्याचा दाखला देतो. १६१५ च्या सुमारास बांधलेली ती जलव्यवस्था आपल्या गावाचे भूषण आहे. सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावाकडे वाहते आणि ठिकठिकाणच्या कुंड्यांतून तेवढे दृष्टीस पडते. चित्रपटाची गाणी म्हणजे त्या कुंड्या. लोक तेथे थांबतात, वाकून पाहतात, पाणी शेंदतात. परंतु एका कुंडीपासून दुसरीपर्यंत जो प्रवाह न दिसता वाहत असतो, ते पार्श्वसंगीत. तो आटला तर कुंड्याही कोरड्या पडतील.

हा प्रवाह चित्रपटात आला कसा ? मूकपटांच्या काळात पडद्याजवळ बसून तबला-पेटीवाले साथ करीत. चित्रपट मुका आणि वादक डोळ्यांसमोर, असा तो प्रकार होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला, चित्रपट बोलू लागला, आणि वादक पडद्याआड गेले ते कायमचे. 'प्रभात'मध्ये गोविंदराव टेंबे यांच्यानंतर केशवराव भोळे आले आणि त्यांनी पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन अशी पाश्चात्य वाद्ये मराठी चित्रपटसंगीतात आणली. त्याच संस्थेत व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'कुंकू' काढला तो पार्श्वसंगीत न वापरता, केवळ भोवतालच्या नैसर्गिक आवाजांवर. संगीत केव्हा नको हे ठरवण्याइतकी जाण आपल्याकडे तेव्हाच आलेली होती, हे आपण अभिमानाने सांगावे.

अमेरिकेत १९३३ च्या 'किंग काँग'साठी मॅक्स स्टायनर यांनी मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत रचले. पडद्यावर होती फुटा-दीड फुटाची बाहुली. तिला अजस्र वानर केले त्यात संगीताचा वाटा मोठा. पुढे १९७८ साली 'सुपरमॅन' आला. जॉन विल्यम्स यांचे संगीत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवले आणि ते दोन तबकड्यांच्या संचात विक्रीला आले. विल्यम्स यांनी नायकाला एक ठरावीक धून दिली. ती तुताऱ्यांतून उमटली की नायक पडद्यावर नसतानाही प्रेक्षक सावरून बसतो. आपल्या नाटकात प्रवेशापूर्वी होणारे सूचक वादन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात परके काही वाटणार नाही. फरक एवढाच, की तेथे शंभराच्या आसपास माणसे एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवतात आणि सारे मिळून एकच अर्थ निघतो.

आपल्याकडे हे काम कसे चाले, ते थोडे समजून घ्यायला हवे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट अशी धावते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. 'मिस्टर इंडिया' सुमारे तीन तासांचा, म्हणजे सोळा हजार फुटांच्या घरात. संगीतकार एकेक रीळ पाहतो, कोणत्या क्षणी स्वर सुरू व्हावा आणि कोणत्या क्षणी थांबावा हे सेकंदांत टिपून घेतो. मग त्या मापाचे संगीत लिहिले जाते, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा काढला जातो, आणि समोर पडद्यावर चित्र चालू असताना सारा ताफा एकदम वाजवतो. दार उघडते तेथे स्वर उघडला पाहिजे. अर्धा सेकंद चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. येथे पाठांतराला वेळ नसतो. कागद हातात पडला की वाचून वाजवता आले पाहिजे.

आणि येथेच आपल्या मोठमोठ्या गवई-वादकांची अडचण होती. आपले संगीत गुरुमुखातून कानात आणि कानातून गळ्यात उतरलेले. भातखंडे-पलुस्करांनी स्वरलिपी दिली खरी, पण ती एका गाणाऱ्याला चीज आठवावी म्हणून. पन्नास जणांनी पन्नास निराळ्या ओळी एका वेळी वाजवाव्यात, हा तिचा हेतू नव्हता. त्यासाठी पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी यावी लागते. ती येत होती गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन-वाचन आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईस आली, हॉटेलांतून, नाचघरांतून वाजवू लागली आणि पुढे स्टुडिओंत शिरली. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, १९५१ च्या 'अलबेला'ला जो नवा ठेका दिला त्यात आल्डोना गावच्या चिक चॉकलेट यांचा हात होता. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. अशा माणसाला 'अरेंजर' म्हणत. मला त्याच्यासाठी 'दुभाषी' हा शब्द योग्य वाटतो. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. हा ती ऐके आणि दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या व्याकरणात, मूळ भाव न सांडता उतरवी.

या दुभाष्यांत गुरुस्थानी होते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांची सोयरीक जुळावी हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून मुंबईत कार्यक्रम केले आणि त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे यांना गाण्यासाठी उभे केले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेत शिकायला गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर, आपल्या गावी राहिले आणि २०१२ साली तेथेच वारले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा म्हणजे तुतारीवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचा प्यारेलाल. घरची परिस्थिती ओढगस्तीची, त्यामुळे बाराव्या वर्षापासूनच तो स्टुडिओत वाजवू लागला. त्याचा जोडीदार लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर, आपला मराठी मुलगा. ३ नोव्हेंबर १९३७ रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मला म्हणून नाव लक्ष्मीकांत. वडील लवकर गेले, मँडोलिन हेच चरितार्थाचे साधन झाले. मंगेशकर कुटुंबाच्या 'सुरील कला केंद्रा'त या दोघांची गाठ पडली. १९६३ च्या 'पारसमणी'ने नाव झाले आणि ती जोडी लक्ष्मीकांत गेले तोवर, म्हणजे २५ मे १९९८ पर्यंत, अभंग राहिली.

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यातल्या नायकाच्या तोंडी आपले पूर्ण नाव सांगणारे जे गाणे आहे, त्यातून अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर पोहोचले. तो शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होता. ऐकणाऱ्या कोट्यवधींना मात्र ते विनोदी पात्राचे नाव वाटले. गाणारे होते आपले किशोरकुमारच.

या पार्श्वभूमीवर 'मिस्टर इंडिया'चा नायक पाहावा. अरुण वर्मा हा कोणी पैलवान नाही, राजपुत्र नाही. तो व्हायोलिन वाजवून पोट भरणारा तरुण आहे. पदरी अनाथ मुले, घराचे भाडे थकलेले, वाण्याची उधारी चढलेली. अशा माणसाच्या हाती अदृश्य होण्याचे यंत्र पडते आणि तो मोगँबोशी झुंजतो. सुपरमॅन वर्तमानपत्रात नोकरी करतो. आपला नायक फिरता व्हायोलिनवाला. कथा-पटकथा सलीम-जावेद यांची, संगीतकारांची नव्हे. परंतु ज्या प्यारेलालांनी त्याला संगीत दिले ते स्वतः व्हायोलिनवादक, आणि अशा ओढाताणीतूनच वर आलेले. स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगेतही उधारी चुकवता चुकवता म्हातारी झालेली माणसे थोडी नसतील. पडद्यावरचा व्हायोलिनवाला मनगटावरची कळ दाबून अदृश्य होतो. पडद्यामागच्यांना कळ दाबण्याचीही गरज पडली नाही.

चित्रपट मे १९८७ मध्ये लागला तेव्हा मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो. त्या वर्षी आमच्याकडे लग्नाच्या मांडवापासून पानाच्या ठेल्यापर्यंत त्याची कॅसेट वाजत होती. कविता कृष्णमूर्तींचे 'हवाहवाई' तर मुलाबाळांच्या तोंडी होते. मला मात्र अधिक लक्षात राहिले ते पावसातले द्वंद्वगीत. नायिका श्रीदेवी भिजत नाचते आहे आणि नायक बराच वेळ दिसतच नाही. तो आहे तो केवळ किशोरकुमारांच्या आवाजात. अठ्ठावन्नाव्या वर्षातला तो आवाज अलिशा चिनॉयच्या कोवळ्या आवाजाशेजारी असा काही लावला आहे, की न दिसणाऱ्या माणसाचा श्वास कानाशी जाणवावा. त्यानंतर पाच महिन्यांतच, १३ ऑक्टोबर १९८७ रोजी किशोरकुमार गेले. तो अशोककुमारांचा वाढदिवस होता. मुंबईत गेलेल्या त्या माणसाचे अंत्यसंस्कार खंडव्यात झाले. ज्याचा आवाज सगळीकडे आणि देह कोठेच नाही, अशी ती स्थिती त्या गाण्याने आधीच ऐकवून ठेवली होती, असे तेव्हा आमच्या पिढीतल्या अनेकांना वाटले.

त्या कॅसेटवर गाणी होती, पार्श्वसंगीत नव्हते. वेष्टनावर चित्रपटाचे, संगीतकारांचे, गीतकार जावेद अख्तर यांचे आणि गायकांचे नाव. वादकांचे नाही. हा एका कंपनीचा दोष नव्हे, ती आपल्याकडची रीतच होती. १९८९ साली परदेशात 'बॅटमॅन' आला तेव्हा प्रिन्स या गायकाच्या गाण्यांचा संच निराळा निघाला आणि डॅनी एल्फमन यांच्या वाद्यवृंदाच्या पार्श्वसंगीताचा निराळा. दोन्ही विकत घेणारे श्रोते तेथे होते. आपल्याकडे 'शोले'चे संवाद तबकडीवर निघाले आणि हातोहात खपले, पण पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे ऐकण्याची वस्तू आहे, हे श्रोत्याच्या मनात फार उशिरा आले.

तोवर काळ पालटला होता. नव्वदीच्या दशकात संगणक आणि सिंथेसायझर आले. पन्नास व्हायोलिनांचा आवाज एका पेटीतून निघू लागला आणि मोठे ताफे पांगले. २००६ च्या 'क्रिश'मध्ये गाणी राजेश रोशन यांची तर पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे, अशी कामाची वाटणीही रूढ झाली. आज पार्श्वसंगीतकाराला स्वतंत्र श्रेय मिळते, हे चांगलेच झाले. जुन्या वादकांची आठवण मात्र ताफ्यांबरोबरच पांगली. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने मुंबईतल्या या वादकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, म्हणून पुष्कळ नावे वाचली. प्यारेलाल यांना २०२४ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्यासमोर बसून कागद वाचणाऱ्या शंभर जणांपैकी पाच नावे तरी आपल्याला सांगता येतील का ?

हे सारे मी बुऱ्हाणपुरात बसून का लिहितो, हे आता सांगितले पाहिजे. आपण सीमेवरची माणसे. तापीच्या या काठी घरात मराठी, बाजारात हिंदी, नातेवाइकांत कोठे अहिराणी तर कोठे निमाडी. रावेरपलीकडचा पाहुणा आपल्या मराठीला हसतो आणि इंदुरकडचा आपल्या हिंदीला. पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक भीती असते, की दोन भाषांत वाढलेले पोर कोणत्याच भाषेत धड होणार नाही. त्यांना मी हा इतिहास सांगतो. बंगाली घरातला खंडव्याचा मुलगा हिंदी गायला. मराठी कुडाळकरांनी आणि हिंदी शर्मांनी एकत्र चाली बांधल्या. कोकणी बोलणाऱ्या गुरूने लॅटिन प्रार्थनांबरोबर शिकलेली लिपी हिंदुस्थानी रागांसाठी वाकवली. 'मिस्टर इंडिया' या नावातला 'इंडिया' जर कोठे खरोखर असेल, तर तो त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत होता. दोन भाषा येणे हे तेथे वैगुण्य नव्हते, तीच पात्रता होती. तेथे एकच भाषा येणाऱ्याची अडचण होई.

पण दुभाष्याचे एक दुर्दैव असते. काम उत्तम झाले की तो दिसत नाही. बोलणारा लक्षात राहतो, ऐकणारा लक्षात राहतो, मधला विसरला जातो. आपल्या गावांतही हेच चालले आहे. भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी धरणारे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे, गणेशोत्सवातल्या मेळ्यांत मराठी पदांना हिंदी चाली आणि हिंदी पदांना मराठी चाली लावणारे लोक अजून आपल्यात आहेत. त्यांच्यावर कोणी परदेशी अभ्यासक ग्रंथ लिहायला येणार नाही.

म्हणून आमच्या शाळेत गेल्या वर्षापासून एक छोटे काम सुरू केले आहे. दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलांनी आपल्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या वादकाकडे जायचे आणि चार गोष्टी लिहून आणायच्या : नाव, वाद्य, कोणाकडून शिकले, आणि कोणाला शिकवले. घरी बोलतात त्या भाषेत लिहावे, शुद्धलेखनाचे गुण नाहीत. पहिल्या वर्षी एकतीस कागद जमले. ते शाळेच्या कपाटात फाइलला लावून ठेवले आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, शेजारी असा माणूस असेल तर या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एक कागद आणि पेनही त्यांच्यापुढे ठेवावे.